साथीची पाउले आणि माणसाच्या वाटा

मानवजातीचा इतिहास हा पुष्कळ अंशी तिच्या स्थलांतराचा इतिहास होय. आपल्या देवस्थानांचा इतिहासही ह्याला अपवाद नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा श्रीमंगेश, केळशीची श्रीशांतादुर्गा आणि वेर्ण्याची श्रीम्हाळसा ही दैवते अघनाशिनी म्हणजेच जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात आली, ती आपल्या पूर्वजांच्या खांद्यांवरून. पुढे महाजनांची आणि कुळाव्यांची घराणी कारवार, मंगळूर, बेळगाव, मुंबई, तसेच दूरच्या संस्थानांतून पांगली. कोणी व्यापारासाठी गेले, कोणी चाकरीसाठी, कोणी केवळ पोटासाठी. जत्रोत्सवाच्या निमित्ताने मात्र ती सारी मंडळी वर्षातून एकदा तरी श्रींच्या प्रांगणात परत येतात. तेव्हा प्रवास हा आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेला धर्मच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु माणूस घर सोडून निघतो तेव्हा त्याच्यासमवेत केवळ त्याचे देव, त्याची भाषा आणि गाठोड्यातील शिधा एवढेच जात नाही. त्याच्या रक्तात, श्वासात आणि आतड्यांत, किंवा त्याच्या सामानातील उंदीर-पिसवांच्या अंगी, डोळ्यांना न दिसणारे जीवही वाट चालू लागतात. साथीचा रोग आकाशातून कोसळत नाही. तो बहुधा कोणत्या तरी बंदरातून, छावणीतून किंवा रेल्वेच्या स्थानकातून गावात शिरतो. ह्या गोष्टीचा इतिहास गोमंतक आणि त्याच्या भोवतालच्या मुलखापुरता पाहिला तरी त्यातून पुष्कळ बोध घेण्यासारखा आहे. तोच ह्या लेखात थोडक्यात मांडावयाचा आहे.

विषयात शिरण्यापूर्वी एक साधा हिशेब वाचकांनी ध्यानी ठेवावा. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून रोगाची लक्षणे प्रकट होईपर्यंत जो अवधी जातो, त्याला वैद्यकात अधिशयनकाल म्हणतात. पटकीत हा काल काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. इन्फ्लुएंझात तो एक ते चार दिवस, ग्रंथिक प्लेगात सामान्यतः दोन ते आठ दिवस आणि देवीच्या रोगात सुमारे दहा ते चौदा दिवस असतो. प्रवासाचे दिवस ह्या अवधीपेक्षा जास्त असतील, तर रोगी वाटेतच उघडा पडतो. ते कमी असतील, तर धडधाकट दिसणारा मनुष्य मुक्कामी पोचतो आणि रोग त्याच्या मागोमाग प्रकट होतो. चारशे-पाचशे वर्षांत रोगांचे अधिशयनकाल फारसे बदलले नाहीत. प्रवासाचे दिवस मात्र महिन्यांवरून तासांवर आले. साथींच्या इतिहासातील बराचसा फरक ह्या एका गोष्टीत सामावलेला आहे.

शिडाच्या जहाजांचा काळ

पोर्तुगीज आमदानीत लिस्बनहून निघालेले जहाज गोव्यास पोचण्यास साधारणतः सहा महिने लागत. वसंत ऋतूत निघालेला तांडा पाऊस ओसरल्यावर मांडवीच्या मुखाशी येई. ह्या प्रवासात चार-आठ दिवसांत प्रकट होणारे रोग बहुधा जहाजावरच आपला फेरा पुरा करीत. जे मरावयाचे ते समुद्रात मरत, जे वाचावयाचे ते बरे होऊन उतरत. समुद्राचा तो विस्तार हेच एक प्रकारचे कुंपण होते. तथापि गोवा शहर म्हणजे अरबस्तान, गुजरात, मलबार आणि मलाक्का इथल्या वाटांचा चव्हाटा. जवळच्या बंदरांतील गलबते तेथे सतत येत-जात असत आणि दाट वस्तीच्या त्या शहरात पाणी विहिरींचे होते.

१५४३ साली गोवा शहरात एक भयंकर साथ उद्भवली. तिचे वर्णन गास्पार कोर्रैय ह्या बखरकाराने आपल्या ‘लेंदास दा इंदिया’ ह्या ग्रंथात केले आहे. पोटात मुरडा, वांती, अंगास पेटके, डोळे खोल जाणे आणि काही तासांत मृत्यू ही त्याने दिलेली लक्षणे वाचली म्हणजे आजच्या वाचकास पटकीचीच आठवण होते. शहरात दररोज बारा, पंधरा, वीस माणसे दफन होऊ लागली. चर्चच्या घंटा दिवसभर वाजत राहिल्या. तेव्हा लोकांत घबराट पसरू नये म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सौझा ह्याने मृतांसाठी घंटा वाजविण्यास मनाई केली. त्याच गव्हर्नराने एका मृताचे शरीर उघडून कारण शोधण्याचीही आज्ञा दिली होती, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे. घंटा थांबल्या, मृत्यू थांबले नाहीत.

ह्या रोगाला येथील लोक ‘मोडशी’ म्हणत. आपल्या भाषेतील हा शब्द ‘मोडणे’ ह्या क्रियापदापासून आला असे मानतात, आणि शरीर मोडून टाकणाऱ्या रोगाला तो शोभतोही. गार्सिय द ओर्त हा विद्वान वैद्य १५३४ पासून गोव्यात राहत होता. त्याचा वनस्पती व औषधी ह्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने ह्या रोगाचे तपशीलवार विवेचन केले असून, येथील लोकांच्या ‘मोर्शी’ ह्या शब्दाचा पोर्तुगिजांनी ‘मोर्देशी’ असा अपभ्रंश केला, हेही नमूद केले आहे. पुढे हाच शब्द फ्रेंच प्रवाशांच्या मुखी पडून ‘मोर द शियँ’ म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’ असा झाला. मूळ शब्दात कुत्राही नाही आणि मरणही नाही. रोग ज्या वाटेने जातो त्याच वाटेने त्याचे नावही जाते, आणि वाटेत दोघांचेही रूप पालटते, ह्याचे इतके बोलके उदाहरण क्वचित आढळेल.

लष्कराची वाट

मोडशी येथे जुनी असली तरी ती जगभर पसरली ती एकोणिसाव्या शतकात. १८१७ च्या ऑगस्ट महिन्यात बंगालमधील जेसोर येथे पटकीने उग्र रूप धारण केले. तेथून ती गंगेच्या काठाकाठाने वर सरकली. नेमक्या ह्याच वेळी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांवर दाब ठेवण्यासाठी प्रचंड सैन्य घेऊन बुंदेलखंडात उतरला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ह्या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. ग्वाल्हेरकर दौलतराव शिंद्यांशी इंग्रजांचा तह झाला आणि खडकीच्या माळावर पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली. मराठी राज्याच्या अखेरचा हा काळ सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच पंधरवड्यात इंग्रजांच्या छावणीत शत्रूच्या तोफांहून भयंकर असा शत्रू शिरला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

छावणीत पटकीने हजारो माणसे मेली. त्यांत लढाऊ शिपायांपेक्षा बाजारबुणगे, हमाल आणि सेवकवर्ग ह्यांचीच संख्या कितीतरी पट अधिक होती. आपण मेलो तर आपणास तंबूतच गुप्तपणे पुरावे, म्हणजे शिंद्यांना सुगावा लागणार नाही, अशी सूचना खुद्द हेस्टिंग्जने देऊन ठेवली होती, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. शेवटी छावणी हलवून बेतवा नदीच्या काठी नेली तेव्हा साथ ओसरली. त्या काळी ह्याचे श्रेय चांगल्या हवेला दिले गेले. आज आपणास कळते की नव्या ठिकाणचे पाणी अद्याप दूषित झालेले नव्हते.

सैन्य हलले आणि रोगही हलला. १८१८ साली सैन्याच्या तुकड्या, बैलांचे तांडे आणि युद्धाने उठलेली माणसे ह्यांच्याबरोबर पटकी नागपूर, जालना, पुणे अशी दख्खनभर पसरली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पोचली. मुंबई बंदरास जगाच्या वाटा जोडलेल्या होत्या. १८२१ मध्ये तिने मस्कत आणि बसरा गाठले, १८२३ मध्ये ती कास्पियन समुद्रावरील अस्त्राखानपर्यंत गेली. बैलाच्या आणि पायदळाच्या वेगाने चालणाऱ्या रोगाला एवढे अंतर काटण्यास सहा वर्षे लागली. अधिशयनकाल इतका अल्प असूनही पटकी एवढी दूर गेली ह्याचे कारण असे की, तिची बाधा झालेल्या पुष्कळांना लक्षणेच दिसत नाहीत, किंवा केवळ साधे जुलाब होतात. असा मनुष्य चालत राहतो, आणि मुक्कामाच्या तळ्यात, नदीत वा विहिरीत रोगाचे बीज पडते. रोग वाटसरूबरोबर जातो खरा. पण गाव बुडतो तो पाण्यामुळे.

वाफेचे युग आणि यात्रा

आगगाडी आणि आगबोट ह्यांनी हा हिशेब पार बदलून टाकला. १८६५ साली मक्केच्या यात्रेत पटकी उद्भवली. सुमारे नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजारांचा बळी गेला असा अंदाज केला जातो. परतणारे यात्रेकरू आगबोटीने सुएझला आणि तेथून आगगाडीने अलेक्झांड्रियाला पोचले. काही आठवड्यांतच रोग भूमध्य समुद्रावरील बंदरांत शिरला. ह्यामुळे हादरलेल्या राष्ट्रांची १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तीत मक्केच्या यात्रेबरोबरच हिंदुस्थानातील हिंदूंच्या यात्रांकडेही रोगप्रसाराचे प्रबळ कारण म्हणून बोट दाखविण्यात आले.

हा आरोप आपल्या श्रद्धेला झोंबणारा असला तरी शांतपणे तपासला पाहिजे. हरिद्वार, जगन्नाथपुरी, पंढरपूर इत्यादी ठिकाणी लाखो लोक थोड्या दिवसांसाठी एकत्र येत, एकाच नदीत वा तळ्यात स्नान करीत, तेच पाणी पीत, आणि मग शंभर दिशांनी परत जात. अशा परिस्थितीत पटकी पसरणार हे उघड आहे. तथापि रोग भक्तीमुळे पसरत नव्हता, सांडपाण्यामुळे पसरत होता. १८५४ साली लंडनमध्ये कोणतीही यात्रा नसताना ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याने शेकडो माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो ह्याने मृत्यूंच्या सरकारी नोंदी घेतल्या, घरोघर चौकशी केली, आणि ही सारी माणसे कोणत्या पंपाचे पाणी पीत होती ते दाखवून दिले. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूविषयीचे आपले संशोधन पुरे केले, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कचेरीत नोंदवह्या सांभाळण्यात ज्याची हयात गेली, त्याला ह्या प्रसंगाचे विशेष अप्रूप वाटते. नाव, वय, पत्ता, तारीख आणि मृत्यूचे कारण अशा रुक्ष रकान्यांतून लाखो जीव वाचविणारे सत्य हाती आले. मात्र रकाने प्रामाणिकपणे भरलेले होते म्हणूनच.

‘क्वारंटाईन’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ ‘चाळीस’ असा आहे. पोर्तुगीज शिकलेल्या वाचकास ‘क्वारेंतेन’ हा शब्द परिचयाचा असेलच. दुब्रोव्हनिक, म्हणजे जुने रागुसा, ह्या बंदराने १३७७ साली रोगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला; पुढे हे दिवस चाळीस झाले. आपल्याकडील सोयरसुतकाच्या दिवसांशी ह्याची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. दोहोंचा हेतू निराळा होता, हे विसरता कामा नये. एवढे मात्र खरे की, ठराविक दिवस वेगळे राहण्याची शिस्त आपल्या समाजाला परकी नव्हती.

मांडवीपासून मुरगावपर्यंत

आता आपण आपल्या आजोबा-पणजोबांच्या स्मरणातील साथीकडे येऊ. चीनच्या युनान प्रांतातून निघालेला प्लेग १८९४ साली कँटन आणि हाँगकाँग येथे पोचला. तेथून आगबोटींच्या मार्गाने तो मुंबईस आला. हाँगकाँगहून मुंबईचा प्रवास अधिशयनकालापेक्षा पुष्कळ लांबीचा होता; मग प्लेग वाटेत का विझला नाही? कारण तो माणसांच्या नव्हे, तर उंदरांच्या साखळीने आला. जहाजाच्या तळघरात एक उंदीर मरे, त्याच्या अंगावरची पिसू दुसऱ्यावर जाई. वरच्या मजल्यावरील उतारू धडधाकट असत आणि खाली साथ चालू असे.

मुंबईतील मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. २३ सप्टेंबर १८९६ रोजी तेथील एका रोग्यास तपासून हा ग्रंथिक प्लेग होय, असे निदान करणारा वैद्य आपल्या गोमंतकाचा सुपुत्र होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. बार्देशातील हडफडे गावचे डॉक्टर आकासियु गाब्रियेल व्हिएगश हे त्यांचे नाव. त्या निदानाची किंमत समजण्यासाठी तेव्हाची परिस्थिती ध्यानी घ्यावी लागेल. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावणार आणि व्यापार बुडणार, हे सर्वांना कळत होते. ‘संशयास्पद ताप’ अशा गुळमुळीत शब्दांवर भागवून घेण्याची सोय पुष्कळांना हवी होती. व्हिएगश ह्यांनी रोगाचे नाव घेतले आणि ते जाहीर सांगितले. इतर तज्ज्ञांनी आणि हाफकीन ह्यांनी निदान खरे ठरविले. १५४३ साली ज्या घंटा बंद केल्या गेल्या, ती घंटा साडेतीनशे वर्षांनी एका गोमंतकीयाने मुंबईत वाजविली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले, आणि धोबीतलाव भागात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

ह्यानंतर जे घडले ते मात्र दुःखद आहे. सव्वाआठ लाख वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे चार लाख माणसे पळून गेली. कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिकडे रूळ वा गलबत जाईल तिकडे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्थानकांवर उतारूंची अंगझडती सुरू झाली, काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून जी दंडेली केली तिचा शेवट २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. परंतु त्या दंडेलीचा एक परिणाम कमी सांगितला जातो. लोक रोगी लपवू लागले. प्रेते रातोरात, गुपचूप हलविली जाऊ लागली. मृत्यूची कारणे खोटी नोंदविली जाऊ लागली. जो रोगी उघड झाला तो घरातून ओढून नेला जातो, असे कळल्यावर कोण उघड करील? माणसांच्या काखा तपासणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि कपड्यांच्या बोचक्यांतून पिसवा पुढच्या गावी जातच राहिल्या. पिसू हीच प्लेगची वाहक, हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले; पण ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोवर रूळमार्गाने प्लेग धारवाड-हुबळी आणि बेळगावपर्यंत येऊन ठेपला होता.

त्याच काळात दुसऱ्या प्रकारची माणसेही होती. पुण्यानजीक प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. हाफकीन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. धाकापुढे जे लोक दारे लावीत होते, तेच अशा माणसांपुढे ती उघडीत.

गोव्यात मुरगाव बंदर १८८८ च्या सुमारास लोहमार्गाने ब्रिटिश मुलखाशी जोडले गेले होते. वास्को येथे श्रावणात होणाऱ्या श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहाची परंपरा अशी सांगतात की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे प्राणघातक साथ पसरली, तेव्हा रहिवाशांनी जांबावलीच्या श्रीदामोदराला साकडे घातले, तेथून श्रीफळ आणून अखंड भजन केले, आणि साथ निवाली. बंदर आणि आगगाडी ज्या गावात नुकतीच आली होती त्याच गावात हा सप्ताह सुरू व्हावा, हा योगायोग नसावा. ज्या वाटेने समृद्धी आली त्याच वाटेने भयही आले, आणि त्या भयातून एक जातपात-निरपेक्ष उत्सव जन्मास आला.

पहिल्या महायुद्धाची शिदोरी

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. युद्धावरून परतणाऱ्या सैन्याची जहाजे त्या गोदीस लागत होती. हा इन्फ्लुएंझा होता. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमधील दुसरी काळासारखी आली. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तोवर देशात रुळांचे जाळे पसरलेले होते. मुंबईहून बहुतेक ठिकाणी मनुष्य तीन-चार दिवसांत, म्हणजे अधिशयनकाल पुरा होण्याच्या आतबाहेर, पोचत असे. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ ह्या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एकदाच घडले.

ह्या तापाला ‘स्पॅनिश’ म्हणतात तेही सकारण नाही. लढणाऱ्या राष्ट्रांतील वृत्तपत्रांवर निर्बंध होते. स्पेन तटस्थ असल्याने तेथील वृत्तपत्रांनी साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या, आणि खरे बोलण्याचे फळ म्हणून रोगाला त्या देशाचे नाव चिकटले. खरे सांगणाऱ्याला दोष लावण्याची ही वृत्ती साथीला नेहमीच उपकारक ठरत आली आहे.

त्याच वाटेने औषधही येते

एवढे वाचून, माणसाने घर सोडूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. जेन्नरने देवीवरील लस १७९६ साली शोधली. ती हिंदुस्थानात आणण्याचा प्रश्न पुन्हा प्रवासाच्या दिवसांचाच होता. लांबच्या सागरी सफरीत लस निर्जीव होई. शेवटी ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा अशा टप्प्यांनी, वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत, मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली आणि यशस्वी झाली. त्या एका बालिकेच्या दंडावरून निघालेली लस पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रास येथे गेली. एकोणीस वर्षांनी पटकी ज्या बसऱ्यास मुंबईच्या बाजूने गेली, त्याच बसऱ्याहून देवीचे निवारण मुंबईस आले होते.

देवीचे उच्चाटनही वाटा बंद करून झाले नाही. १९७० नंतरच्या दशकात आरोग्यसेवक गावोगाव, बाजारांतून, जत्रांतून हिंडले. रोग्याचे चित्र दाखवून, असा कोणी पाहिला आहे काय, असे विचारीत. देवीचा रोगी कळविणाऱ्यास बक्षीस ठेवले होते आणि ते वाढवीत एक हजार रुपयांपर्यंत नेले. रोगी आढळला की त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचली जाई. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. जेथे लपविण्यास शिक्षा होती तेथे प्लेग वाढला. जेथे कळविण्यास बक्षीस होते तेथे देवी नाहीशी झाली. आपल्या इतिहासातील ह्या दोन पानांतील अंतर डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

आपल्या डोळ्यांदेखत

२०२० ची साथ आपण सर्वांनी पाहिली. वुहानहून विमानाने परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या रूपाने ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिली नोंद झाली. गोव्यातील पहिल्या तीन नोंदी २५ मार्चला झाल्या. तिघेही परदेशांतून आलेले होते. कोविडचा अधिशयनकाल दोन ते चौदा दिवस आणि विमानाचा प्रवास एका दिवसाचा. तेव्हा समुद्राचे जुने कुंपण कोठेच उरले नव्हते. एप्रिलमध्ये गोव्यात एकही रोगी उरला नाही आणि आपण निर्धास्त झालो. जूनमध्ये वास्कोतील मांगोर हिल येथे साथ पुन्हा वर आली. १८८८ मध्ये जेथे जगाची वाट गोव्यात शिरली, त्याच बंदराच्या गावात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसरी लाट तर कोणत्याही घराला विसरता येण्याजोगी नाही.

त्या दिवसांत मुंबई-दिल्लीहून लाखो श्रमिक उन्हातून पायी घरी निघाले. आपले तारवटी परदेशी जहाजांवर अडकून, किनारा दिसत असूनही उतरता येत नाही, अशा अवस्थेत राहिले. त्यांच्याच गावांत काहींनी, त्यांना आणू नका, असा सूर लावला. ज्यांच्या मनिऑर्डरींवर घरांची कौले चढली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, तेच एका रात्रीत परके झाले. भय समजण्यासारखे आहे. पण परतणाऱ्याला दोषी ठरविले की तो रात्रीच्या अंधारात, कोणास न सांगता येतो. आणि साथीला तेच हवे असते.

येथेच ह्या इतिहासाचा आपल्या देवस्थानाशी संबंध येतो. जत्रेचे मूळ पुन्हा एकत्र येण्यात आहे. ती कायमची बंद ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये. साथीच्या काळात ती काही महिने पुढे ढकलणे वा थोडक्यात आटोपणे ह्यात देवाचा अवमान नाही. २०२० साली देवळांची दारे लागली तेव्हा नित्य पूजेत खंड न पडता सर्व देवस्थानांनी ते निभावले. पण एरवीच्या वर्षीही महाजनांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. विहिरीचे व नळाचे पाणी जत्रेपूर्वी तपासून घ्यावे आणि तळीचे पाणी पिण्यास वापरू देऊ नये. अग्रशाळेतील एक खोली आजारी पडणाऱ्या कुळाव्यासाठी राखून ठेवावी, म्हणजे त्याला शंभर माणसांच्या पंगतीत बसून आपला ताप लपवावा लागणार नाही. आणि जत्रेत कोणी आजारी पडल्यास त्याची नोंद करून ती आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावी. देवस्थानाची बदनामी होईल ह्या भयाने ती दाबू नये.

आपले पूर्वज देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडून आले तेव्हा पैलतीरावरील कोणी तरी त्यांना जागा दिली, पाणी दिले, म्हणून आज ही देवळे उभी आहेत. दूरदेशीचा कुळावी ताप अंगात घेऊन श्रींच्या दारी आला, तर त्याला वेगळी खोली, स्वच्छ पाणी आणि दोन आश्वासक शब्द मिळावेत. त्याने आपला आजार निःसंकोचपणे सांगावा, आणि ते ऐकण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.